वरातीत रडायचं गाणं

दौंड, शुक्रवार, दुपार (लाईट नाही)

प्रिय हौसराव,

दौंडहून पाशा मास्तर सलाम आणि रामराम दोन्ही पाठवतोय. तुला हवा तो ठेव, उरलेला साळूवहिनींना दे. तुझे गुडघे, वहिनींची साखर, सार्थकच्या लग्नाची धावपळ आणि गोठ्यातली नवी कालवड, सगळ्यांची विचारपूस या एकाच वाक्यात केली असं समज, कारण वेगवेगळी करायला अंगात त्राण नाही. (वहिनी, हा कागद त्याला वाचून दाखवायच्या भानगडीत पडू नका. त्याला ऐकू येत असतं तर मी फोनच केला असता. चष्मा द्या आणि बाजूला व्हा.) सोसायटीच्या मीटिंगला तू कानाचं मशीन काढून खिशात ठेवतोस आणि त्यामुळे हल्ली सगळे ठराव एकमतानं होतात, ही बातमी इथपर्यंत आली आहे. तुझ्या कानांबद्दल डॉक्टर म्हणतात वय, वहिनी म्हणतात ढोल. मी वहिनींच्या बाजूचा. अकरा लग्नसराया तू आमच्या बँडात माझ्या डाव्या हाताला उभा राहून तो मोठा ढोल बडवलास, पाटलाच्या पोरानं वाजंत्र्यांत उभं राहावं म्हणून तुझ्या आबांनी तुला दोनदा घराबाहेर काढलं, आणि शेवटी त्या ढोलानं तुझे कान नेले. माझे दात क्लॅरनेटनं नेले. नवी कवळी बसवून महिना झाला. भाकरी चावते, पण जांभई दिली की खाली येते. या सराईत जांभया फार येतात.

आता मुद्द्याकडं येतो. (येईन म्हणतो, पण वाटेत तो सिनेमा आहे.) तू सिनेमा बघत नाहीस हे तुझं नशीब. सध्या एक गाण्यांचा सिनेमा आलाय, त्याचं नाव आमच्या घरात घ्यायला मेहरुननं बंदी केली आहे, कारण नाव घेतलं की कुणीतरी गायला लागतं. आम्ही त्याला नुसतं 'तो' म्हणतो. 'तो'मध्ये एक पोरगा आहे, लग्नाच्या बँडात क्लॅरनेट वाजवतो. होय, आपल्यासारखाच, फक्त त्याचा कोट पाठीवर कधी घट्ट होत नाही. एक पोरगी आहे, तिला नटी व्हायचंय, पण तूर्त ती लहान मुलांच्या कार्टूनमध्ये उंदराचा आवाज काढते. दोघं एकाच खोलीत भाड्यानं राहतात, दिवसा ती बाहेर, रात्री तो बाहेर, आणि भेट होते ती फक्त किल्ली देताघेताना. त्या किल्ली देण्यात तीन गाणी होतात. मेहरुन माझ्याकडून किल्ली घेते तेव्हा एक वाक्य होतं, तेही दळणाचं. पुढं दोघं एक वडापाव अर्धा अर्धा खातात आणि सात मिनिटं नाचतात, तेही एसटीच्या डेपोत, उभ्या गाड्यांच्या टपांवर. एवढा मोठा डेपो, पण एक कंडक्टर बाहेर येऊन 'उतरा की खाली' म्हणत नाही. शेवटी ती मोठी नटी होते, तो बँडातच राहतो, आणि काही वर्षांनी त्याच्या बँडाला एका मोठ्या लग्नाची सुपारी मिळते. नवरी म्हणून गाडीत कोण बसते, तर तीच. मग तो त्या दोघांचं किल्लीचं गाणं सावकाश वाजवतो, आणि सगळं थेटर रडतं. आता मला सांग, सुपारी घेताना दोन्हीकडची नावं, गावं, मुहूर्त आणि पाहुण्यांत दारू पिणारे किती, हे विचारल्याशिवाय कुठला बँड निघतो? शिवाय तो हिरो क्लॅरनेट धरताना उजवा हात वर धरतो आणि डावा खाली. आमच्या बँडातल्या सगळ्यात लहान पोरालाही हे कळलं. पण लोकांना काय त्याचं.

आम्ही 'तो' बघायला कलेपोटी गेलो नव्हतो, हे लक्षात ठेव. शिरूरला दुपारचं लग्न वाजवून निघालो, तर टेम्पो पंक्चर. ड्रायव्हर म्हाळू चाक घेऊन गेला तो गेलाच. ऊन असं की पितळेला हात लावता येईना. समोर थेटर होतं, आत एसी होता. अकरा माणसं, लाल कोट, सोनेरी झालर, डोक्यावर तुरे, हातात वाद्यं, असे आम्ही आत शिरलो. ढोल आत न्यायचा की नाही यावर दारात वाद झाला आणि त्याला संडासाशेजारी बसवून आलो. (तुझाच ढोल. माफ कर.) लोकांना वाटलं, सिनेमावाल्यांनीच आम्हाला जाहिरातीला पाठवलंय. निम्मं थेटर आमच्याबरोबर फोटो काढून गेलं, एका आजीबाईंनी हिरो मागनं येतोय का म्हणून चौकशी केली, आणि आमचा कॉर्नेटवाला या सगळ्यात झोपून गेला. माझंही झोपायचं ठरलं होतं. पण माझा मुजीब शेजारी चुळबुळ करत होता. त्याला हिरोचे उलटे हात सहन होत नव्हते. शेवटचं गाणं सुरू झालं तेव्हा या माझ्या पोरानं खोक्यातून क्लॅरनेट काढला, फुंकायची पत्ती ओठात ओली केली आणि अंधारात, बसल्या जागी, पडद्याबरोबर वाजवायला लागला.

हौसराव, सगळं थेटर मागं वळलं. मॅनेजर 'बंद करा' म्हणायला आला आणि पायरीवरच बसला. मीही वळून बघितलं, आणि तुला खरं सांगतो, माझा मुलगा इतकं वाजवतो हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. वरातीत कुणाला काय ऐकू येतं? वरातीत ढोल असतो, डीजेची गाडी असते आणि नवऱ्याचा मामा असतो. नऊ वर्षं हा पोरगा माझ्यापासून तीन हातांवर वाजवतोय आणि मला पहिल्यांदा तो ऐकू आला, तेही पंक्चरच्या कृपेनं. मला भरून आलं. कवळी धरून बसलो होतो, म्हणून कुणाला कळलं नाही.

इथपासून माझे हाल सुरू झाले. रांजणगावच्या कारखान्यात काम करणारी रश्मी नावाची कुणी मुलगी पुढच्या रांगेत होती, तिनं त्याचा व्हिडिओ काढून सोडला. आठवडाभरात सुपारी द्यायला येणारा प्रत्येक जण तेच गाणं मागायला लागला, आणि तेसुद्धा वरातीत. मी हात जोडून समजावलं की बाबांनो, ते ताटातुटीचं गाणं आहे, वाजवायचंच तर पाठवणीला वाजवू. आपल्यात प्रत्येक गाण्याची वेळ ठरलेली आहे. मारुतीकडं जाताना देवाचं, मांडवाकडं येताना नाचायचं, आणि नवरी गाडीत बसली की रडायचं. पण ऐकतो कोण. सगळ्यांना मारुतीच्या पारापासूनच रडायचं आहे.

वरवंडचं लग्न तुझ्या कानावर आलं नसेल (कसं येणार), म्हणून लिहितो. नवरदेव सत्यजीत, वडिलांचं खताचं दुकान सांभाळणारा गरीब स्वभावाचा मुलगा. मारुतीच्या पाया पडून घोड्यावर बसला आणि त्याच्या मित्रांनी गाणं मागितलं. मुजीबनं सुरू केलं. गाणं सावकाश, म्हणून पावलं सावकाश, म्हणून वरात जागेवर. पोरं नाचायची सोडून मोबाईल धरून उभी. मुहूर्त निघून चालला, भटजी मांडवातून निरोपावर निरोप पाठवतायत, आणि मी वर बघतो तर नवरदेव मुंडावळ्यांआडून ढसाढसा रडतोय. हे नवरीच्या चुलत्यानं, हौशीरामनं, पाहिलं. मिशीवाला माणूस, बाजार समितीत वजन असलेला. त्यानं घोड्याचा लगामच धरला. रडायचं ते नवरीनं, नवरदेव कशाला रडतोय? याला कुणाची आठवण येतेय? तिचं नाव कळल्याशिवाय मंगलाष्टका होणार नाहीत, असं त्यानं जाहीर केलं.

भर उन्हात अर्धा तास चौकशी चालली. सत्यजीतनं मारुतीची शपथ घेतली की कुणी नाही. मग त्याच्या मित्रांची उलटतपासणी झाली. मग मला पुढं ओढलं, की मास्तर, तुम्ही असं काय वाजवलंत. मी म्हटलं, मी नाही, मुजीबनं. (बाप म्हणून यात मला कमीपणा वाटतो, पण हौशीराम अंगानं दांडगा आहे.) शेवटी तो मुलगा घोड्यावरूनच बोलला. म्हणाला, "मला चित्रकलेचा मास्तर व्हायचं व्हतं. ते गानं लागलं की मला तेच आठवतं. दुसरं कुनी न्हाई." हौशीरामची लगामावरची पकड ढिली झाली, कारण चित्रकलेवर कुणी लग्न मोडल्याचं त्याच्या ऐकिवात नव्हतं. एवढ्यात आतून नवरीनंच, स्नेहलनं, निरोप पाठवला की त्यांना येऊ द्या, मीही त्याच गाण्याला रडते, माझी नर्सिंगची फी भरली होती आणि मग हे लग्न ठरलं. लग्न लागलं. अक्षता टाकताना हौशीराम माझ्याकडं बघत होता, आणि त्यातल्या बऱ्याच मला लागल्या.

तेव्हापासून मी विचार करतोय की लोक त्या सिनेमात बघतात तरी काय. नाच म्हणावा तर येमाईच्या जत्रेत याहून बरे नाचतात. हिरो काळजी वाटावी इतका बारीक आहे. मेहरुननं तो तीनदा पाहिला, तिला विचारलं. ती म्हणाली, "त्यात बाई गानं म्हनती तवा मधीच कुनी चहा मागत न्हाई." मी चहा मागायलाच आत गेलो होतो, तसाच परत आलो. मग मला असं वाटलं की प्रत्येकाचं काही ना काही राहून गेलेलं असतं, आणि ते 'तो'मध्ये कुणीतरी भर रस्त्यात, चांगल्या कपड्यांत, सुरात म्हणतं. आपण घरी तेच म्हटलं तर लोक कपाळाला हात लावून ताप बघतात. अडीच तास अंधारात बसून लोक आपलंच राहिलेलं बघून येतात आणि पुन्हा खताच्या दुकानात जाऊन बसतात. यात वाईट काही नाही. फक्त ते माझ्या वरातीत नको होतं.

आता खरं दुखणं. त्या व्हिडिओवरून पुण्याच्या एका संगीतकाराच्या ऑफिसातून मुजीबला फोन आला. मोठ्या सिनेमाचं रेकॉर्डिंग आहे, क्लॅरनेटला हाच मुलगा हवा. येत्या सव्वीस तारखेला सकाळी अकरा वाजता. साठ वादक एकत्र बसणार, त्यामुळे तारीख हलणार नाही. आणि सव्वीस तारखेला दुपारी बारा चाळीसला मांडवगण फराट्यात काय आहे, हे तुला सांगायला नको. तुझ्या सार्थकचं लग्न. (तुझ्या होणाऱ्या सुनेनं, कवठ्याच्या वैष्णवीनं, मला व्हॉट्सॲपवर तेच गाणं मागितलंय, मांडवात येताना. पुढं रडक्या चेहऱ्यांची सात चित्रं. मी अजून उत्तर दिलेलं नाही.)

मी चिडलो. एक दिवसासाठी गेलेलं पोरगं परत येतं का? सिनेमात आलं का? मी मुजीबला सुनावलं की सुपारी म्हणजे शब्द, त्यातून हे हौसामामाच्या घरचं लग्न, शब्द मोडून कुणी कलाकार होत नसतं. चार दिवस झाले, तो जेवतो, पितळ पुसतो, टेम्पो धुतो, पण क्लॅरनेटला हात लावत नाही. शेजारच्या कुशाबाई काल विचारायला आल्या की तुमच्याकडं कुणी आजारी आहे का, आवाज येत नाही.

तेव्हा विनंती अशी. तू त्याचा मामा आहेस, रक्तानं नाही तरी ढोलानं. माझं ऐकून तो गप्प बसतो, तुझं ऐकून समजून घेईल. त्याला दोन ओळी लिही की मांडवगणचं लग्न मुजीबशिवाय लागणार नाही. एवढं कर आणि माझ्या डोक्याचा ताप उतरव. वहिनींना नमस्कार, सार्थकला दुवा, कालवडीला वैरण.

तुझा, जागच्या जागी थकलेला,
पाशा मास्तर

ता. क. (रविवार) : पाकीट मिळालं नाही म्हणून पत्र दोन दिवस पडून राहिलं, आणि बरं झालं. वरची विनंती रद्द समज. खोडणार होतो, पण पानभर खोडायचं म्हणजे पुन्हा काम. झालं असं की मुजीबनं आज माझं जुनं क्लॅरनेटचं खोकं उघडलं. मला वाटलं रागानं काही फोडतोय. तो पत्ती शोधत होता. मखमलीच्या खाली त्याला एक कागद सापडला, जो मी एकतीस वर्षं कुणाला दाखवला नव्हता. तुलाही नाही. येमाईच्या जत्रेत माझं वाजवणं ऐकून मुंबईच्या एका संगीतकारानं पाठवलेलं पत्र, की अमुक तारखेला रेकॉर्डिंगला या. ती तारीख तुझ्या वरातीची होती, हौसराव.

तुझ्यावर याचा भार टाकायला लिहीत नाही. मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं. त्या दिवशी ढोलाला बदली माणूस होता, तो सारखा चुकत होता, तेव्हा तू बाशिंगासकट घोड्यावरून उतरलास आणि दोन गाणी स्वतः वाजवलीस. आबांनी कपाळावर हात मारला होता, आठवतं? त्या दोन गाण्यांचा मला कधी पस्तावा झाला नाही. बाकीच्या दिवसांचा अधूनमधून होतो.

मुजीबनं तो कागद वाचला, तारीख बघितली, घडी घालून होता तिथं ठेवला आणि मला म्हणाला, "अब्बा, मामांच्या वरातीसाठी तुमी ऱ्हायलात. मंग मी बी जात न्हाई. आपल्यात असंच हाय." त्याला वाटलं मी खूश होईन. मी तिथून उठून टेम्पोत जाऊन बसलो. मी त्याला जे ऐकवलं होतं तेच तो मला परत देत होता, आणि ते मला ऐकवेना.

म्हणून आता उलटं लिही. लिही की सार्थकच्या लग्नात मुजीब नको. कारण तुला सुचेल ते दे. वरवंडचं ऐकून नवरीकडचे घाबरलेत असं लिही, किंवा मामा म्हणून सरळ हुकूम सोड. पण असं लिही की सव्वीसला तो सकाळच्या गाडीनं पुण्याला जाईल.

ता. क. दुसरं : मग मांडवगणला क्लॅरनेट कोण वाजवणार, हे वहिनी विचारतीलच. मी. आज दुपारपासून टेम्पोच्या काचा लावून सराव करतोय. (मेहरुनला वाटतं मी म्हाळूशी भांडतोय.) कवळी घालून वाजवलं की वरच्या सुरांना शिट्टी येते, काढून वाजवलं की वरचे सूर येतच नाहीत. त्या गाण्यात वरचे सूर तीन आहेत. वैष्णवीला सांग, गाणं मिळेल, मांडवात येतानाच मिळेल, रडू येईल याची खात्री देतो. 'तो' सिनेमा मी चार वेळा पाहिला. त्यातला एकदाच गारव्यासाठी.

ता. क. तिसरं, आणि हे पत्र खरं तर एवढ्यासाठीच : सव्वीसला तू ढोल घे. नवऱ्याचा बाप फेटा बांधून ढोल वाजवतोय म्हणून सोसायटीचे लोक हसतील, हसू देत. तालासाठी माझ्या डाव्या पायाकडं बघ, तो जमिनीला लागला की मार. अकरा लग्नसराया माझी प्रत्येक चूक तुझ्या ढोलाखाली झाकली गेली, आता आणखी तीन सूर झाक. मशीन मात्र घरी ठेवून ये. साऱ्या मांडवगणात माझं वाजवणं ज्याला ऐकू येणार नाही असा तू एकटाच आहेस, आणि मला शेजारी तूच हवा आहेस.